वजावट

"रात्री तुम्ही दात खाता," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडातला चिमुकला आरसा काढून त्यांनी तो दिव्याखाली धरून पुसला. ती खुर्चीत आडवी होती. गालाच्या आत कापूस कोंबलेला, त्यामुळे तिला फक्त 'अं?' एवढंच करता आलं. "आजकालचं नाही हे. मागच्या सगळ्या दाढा झिजून सपाट झाल्यात. म्हणून तर मऊ पाव चावताना टवका उडाला. घरात कुणी सांगितलं नाही? शेजारी झोपणाऱ्याला चांगलं ऐकू येतं हो. एका पेशंटचा नवरा मला म्हणाला, बाई, आमच्याकडे रात्रपाळीची गिरणी आहे." बाई स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या, मग सुई टोचताना गप्प झाल्या. हळूहळू तिचा अर्धा ओठ, अर्धी जीभ, हनुवटीचा एक कोपरा तिच्यापासून वेगळा होत गेला. तो भाग तिथे आहे हे माहीत होतं, पण तो दुसऱ्या कुणाचा असावा आणि तिच्याकडे ठेवायला दिला असावा तसा होता. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. उलट ही अवस्था आपल्या चांगल्या ओळखीची आहे, असं मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यापुरती ती दचकली.

बाहेर ऊन चांगलंच वर आलं होतं. नळाच्या कामासाठी फुटपाथ खणून ठेवलेला होता, त्यावर टाकलेल्या फळीवरून माणसं एकेक करून, एकमेकांना वाट देत जात होती. ती रुमाल तोंडाशी धरून चालत राहिली, कारण ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत असली तरी तिला कळणार नव्हतं. दात खाणं. दातओठ खातात ती चिडलेली माणसं. शाळेत एक गणिताच्या बाई होत्या, त्यांचा जबडा हलायला लागला की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळा वर्ग खाली मान घाली. पण ती कधी चिडत नसे. तिच्याबद्दल कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं, की बाई शांत, आवाज कधी चढायचा नाही, काहीही होवो. तिने चालता चालता आपल्या आत राग शोधून पाहिला. एखाद्या खोलीतलं सामान हलवल्यावर भिंतीवर पांढरे चौकोन राहतात, तसे काही चौकोन तिला सापडले. राग नव्हता. मग नवऱ्याची आठवण झाली. पाठ धरते, कडक गादी लागते, असं सांगून तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. तिनेच स्वतः दुकानात जाऊन, हाताने दाबून बघून, त्याच्यासाठी कडक गादी आणली होती. शेजारी झोपणाऱ्याला चांगलं ऐकू येतं हो. फळीवरून समोरून येणाऱ्या बाई थांबून तिची वाट बघत होत्या. ती भानावर आली आणि पार झाली.

खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या तिच्या खोलीत पडदे ओढलेले असत. तिथे दोघं बसत, ती आणि तिच्याच वयाचा एक सहकारी, ज्याला सगळे वकील म्हणत. कारण त्याचं काम उलट बाजूने भांडण्याचं होतं. कुणी म्हणालं सापडलं, की वकिलाने सिद्ध करायचं की काही सापडलेलं नाही. दोघांचं काम आपल्या दीर्घिकेच्या शेजारपाजारच्या दीर्घिकांमध्ये फुटलेले तारे शोधण्याचं होतं. मोठे तारे फार जगत नाहीत. जिथे ते भराभर जन्मतात तिथे ते भराभर फुटायलाही हवेत, आणि फुटलेला तारा काही आठवडे असा झगमगतो की दुसरं काही नजरेत भरू नये. पण हिशेबाने जितके फुटायला हवेत तितके दिसत नाहीत, ही या विषयातली जुनी तक्रार होती. ते फुटत नव्हते असं नाही. जिथे जन्मतात तिथे भोवती इतकी धूळ असते की तो सगळा झगमगाट तिच्यातच जिरून जातो आणि नेहमीच्या दुर्बिणीला तिथे काळपट डाग तेवढा दिसतो. अवरक्त प्रकाश, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा, तेवढा त्या धुळीतून वाट काढतो. दूरच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीला बसवलेला, गारठवून ठेवलेला कॅमेरा या प्रकाशात फोटो घेई आणि सकाळी ते इथे येऊन पडलेले असत. मग नव्या फोटोतून जुना फोटो वजा करायचा. तेव्हाही होतं आणि आताही आहे ते सगळं एकमेकांना खाऊन टाकी, संगणकाचा पडदा सपाट करडा होई. मधल्या काळात काही घडलं असेल तर तेवढंच मागे उरे. बहुतेक वेळा काही उरत नसे. तिला हे काम आवडे. त्या करड्या रंगाकडे बघत ती तासन् तास बसू शके, आणि तिच्याइतकं कुणी बसू शकत नाही म्हणून संस्थेत तिला मान होता.

त्या दिवशी एक ठिपका उरला होता. दीर्घिकेच्या गाभ्याला खेटून, एका सर्पिल हाताच्या बेचक्यात. वकील आधीच येऊन त्याच्यासमोर बसला होता.

"माझ्या अशिलाचं म्हणणं असं," तो मागे न बघता म्हणाला, "की तो तारा नाही, तो निव्वळ कचरा आहे. गाभा एवढा प्रखर, तिथे वजावट नीट बसतच नाही. काठाला असे फुटकळ ठिपके राहतात, हे बाईंनाही ठाऊक आहे." मग तो वळला. "तोंड का वाकडं तुझं?"

"दात," ती अर्ध्या तोंडाने म्हणाली.

"हसतेयस असं वाटलं. म्हटलं, आज काय विशेष."

तिने खुर्ची ओढली. नेहमीच्या प्रकाशातला त्याच दीर्घिकेचा फोटो शेजारी उघडला. तिथे काही नव्हतं, धुळीचा पट्टा होता. अवरक्तात मात्र ठिपका होता, गोल, जसा ताऱ्याचा असावा तसा. कचरा सहसा गोल नसतो. पण ती "पुढचा फोटो येऊ दे," एवढंच म्हणाली. वकिलाने हात वर केले, म्हणजे तारीख पडली. औषधाचा अंमल उतरताना ओठाला मुंग्या आल्या आणि दाढेत कळ सुरू झाली. ती कळ बरीच स्पष्ट होती, कुठे आहे ते बोटाने दाखवता येईल अशी.

नाना गेले तेव्हा सगळ्यांनी तिची तारीफ केली होती. नाना म्हणजे तिचे वडील. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाल्यावरही घरात पाठ ताठ ठेवून चालायचे, आणि आई गेल्यावर तिच्याकडेच राहायला आले होते. तिची मुलगी त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. रस्त्याकडच्या खोलीत त्यांची लोखंडी कॉट होती आणि शाळेतून आली की मुलगी दप्तर तिच्यावर फेकून नानांच्या पायाशी आडवी व्हायची, ती थेट जेवायला हाक मारेपर्यंत. शेवटी नानांची छाती भरून येऊ लागली. दवाखाना झाला, घरी प्राणवायूची नळकांडी आली, पुन्हा दवाखाना झाला, आणि एका दुपारी ते गेले. मुलगी हमसून हमसून रडली. नवरासुद्धा दवाखान्याच्या जिन्यात तोंड फिरवून उभा राहिला. ती फोन करत होती. कुणाला कळवायचं, गाडी कुठे लावायची, नळकांडं परत कुणी न्यायचं, सगळं तिच्या डोक्यात ओळीने उभं होतं आणि ती एकेक उरकत होती. नातेवाईक म्हणाले, केवढी खंबीर आहे. आठवडा उलटायच्या आत तिने कॉटचे नटबोल्ट काढून ती इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकली. मुलगी क्लासवरून आली आणि त्या खोलीच्या दारात उभी राहिली. फरशीवर कॉटच्या पायांच्या चार गंजकट खुणा होत्या. "तुला काही वाटतं का गं, आई?" मुलीने विचारलं. चिडून नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं. "म्हणजे कशाचंच?" "वाटतं ना," ती म्हणाली होती. दूध आलं का, आलं ना, अशा सुरात. तिचं तिलाच ते ऐकू आलं होतं. पण दुसरा सूर कुठून काढायचा हे तिला सुचलं नव्हतं. त्यानंतर मुलगी घरात बोलायची कमी झाली, आणि बारावी झाल्यावर म्हणाली, मी आत्याकडे जाते, तिथे कपड्यांच्या डिझाइनचा कोर्स आहे, आत्याच्या दुकानात हातही बसेल. नवरा कितीतरी वेळ बोलत राहिला, इथेही असे कोर्स आहेत म्हणाला. ती म्हणाली, जाऊ दे तिला, तिचं मन आहे तर. पोचलीस की फोन कर.

नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. संध्याकाळी तो घरी आला की त्याच्याबरोबर वंगणाचा वास घरात येई. तो दारातल्या स्टुलावर बसून बूट काढत असताना तिने विचारलं, "मी झोपेत दात खाते?"

त्याचा हात नाडीवर थांबला. "कोण म्हणालं?"

"डॉक्टरीणबाई."

"खातेस."

"कधीपासून?"

"नाना गेल्यावर थोडं थोडं. मग मुलगी गेली, त्या रात्रीपासून..." त्याने मूठ आवळून हवेत पिळून दाखवली. काहीतरी घट्ट बसलेलं उघडावं तशी.

"आणि तुझी पाठ?"

"माझ्या पाठीला काय झालंय?" तो म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो बुटांकडे बघायला लागला. "बाहेरच्या खोलीतही येतो आवाज. मी रेडिओ लावतो हळू."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन दातांना टोपण करून आणलं असतंस. मी तुला ओळखत नाही का?" त्याने एक बूट काढला, तो उलटा करून उगाच झटकला. "मला वाटलं, निदान झोपेत तरी बाईचं काहीतरी बाहेर पडतंय. ते कशाला बंद करा."

"बरं," ती म्हणाली.

दोघांनाही ते ऐकू आलं. तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा मध्येच कसातरी झाला आणि तो उठून हातपाय धुवायला गेला. ती तिथेच उभी राहिली. नळाचा आवाज येत होता. आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं, अशी तिला जाणीव होती. बसस्टॉपवर उभं राहून बस यायला हवी असं वाटतं, तशी. ती नवऱ्याच्या बुटांकडे बघत राहिली. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती.

पुढचे आठवडे तसेच गेले. दाढेवर टोपी बसली. रविवारी मुलीचा फोन यायचा, तो नवऱ्याच्या फोनवर, तो हसून बोलायचा आणि शेवटी, "आईशी बोलतेस?" असं विचारून फोन तिच्याकडे द्यायचा. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." मग दोघींपैकी कुणीतरी म्हणे, ठेवते. डोंगरावर ढग होते म्हणून फोटो येत नव्हता. एक आला तो हवेच्या थरथरीने असा पुसट झालेला, की वकिलाने तो पुरावा म्हणून नाकारला. मग एका सकाळी स्वच्छ फोटो आला. तिने वजावट केली. ठिपका तिथेच होता, केसभरही न हलता, आणि पहिल्यापेक्षा मंद झाला होता. कचरा मंद होत नाही. तारा होतो. वकिलाने दिवसभर सगळे मार्ग चोखाळून पाहिले, वेगळ्या जुन्या फोटोंतून वजावट करून पाहिली, रेडिओ दुर्बिणीवाल्या मंडळींना निरोप पाठवला. त्यांचंही उत्तर आलं, हो, आमच्याकडेही तिथे काहीतरी नवं दिसतंय. "अशिलाने गुन्हा कबूल केला," वकील म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. किती धूळ आडवी होती त्याचा अंदाज तिने काढला. नेहमीच्या प्रकाशातला हजारातला एक अंशही बाहेर आला नव्हता. एवढा थोरला तारा फुटला आणि साध्या दुर्बिणींनी त्याच रात्रींत तिकडे बघून काही नाही अशी नोंद केली होती.

विभागप्रमुखांनी सगळ्यांना बोलावून टाळ्या वाजवल्या. चहा आला. "तुम्हाला आनंद झाल्यासारखा वाटत नाही," ते तिला थट्टेने म्हणाले. "झालाय ना," ती म्हणाली. सगळे हसले. तिने कपातला चहा संपवला, कप बशीत सरळ ठेवला.

जिना उतरताना वकील मागून आला. खोलीबाहेर तो वकिली भाषेत बोलत नसे, साधा माणूस होई. "एक सांगू? तुझे वडील गेले तेव्हा मी भेटायला आलो होतो, आठवतं? मला काय बोलावं सुचेना. तूच म्हणालीस, बसा, पंख्याखाली बसा. पाणी दिलंस. माझ्या आईची चौकशी केलीस. तुझं दुःख हलकं करायला मी आलो होतो आणि निघताना मलाच बरं वाटत होतं. घरी जाऊन बायकोला म्हणालो, काळीज घट्ट आहे बाईचं." तो कठड्यावर हात ठेवून थांबला. "काम माझं काय, तर दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि तेव्हा नेमका ठेवला." ती म्हणाली, "असू दे." आणि मग, का कोण जाणे, तिने त्याला उद्याची रजा मागितली, जणू तोच साहेब होता.

"कशासाठी?"

"जाऊन यायचंय."

नवऱ्याची बहीण दुसऱ्या शहरात राहत होती, सकाळच्या बसने दुपारच्या आत पोचता येई. ती खिडकीशी बसली. शेतं गेली, कारखाने गेले, एका गावात बस बराच वेळ उभी राहिली आणि ड्रायव्हर टायरला लाथा मारून बघत फिरला. आपण काय बोलायचं हे तिने ठरवायचा प्रयत्न केला. दरवेळी पहिलं वाक्य 'जेवलीस का' हेच येई आणि त्याच्यापुढे करडं काही सुरू होई. उतरताना तिने फक्त केस नीट केले.

शिवणकामाचं दुकान रुंद रस्त्यावर होतं, काचेच्या दाराचं. आत तीन मशिनं, एक मोठं कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धेमुर्धे कपडे, त्यांना टाचण्या टोचलेल्या. मुलगी सगळ्यात आतल्या मशिनवर दाराकडे पाठ करून बसली होती. केस कापले होते तिने. मान उघडी पडली होती आणि ती मान पाहून तिला वाटलं, ही कुणीतरी दुसरीच मुलगी आहे.

"अगं बाई, वहिनी!" नणंद टेबलामागून उठली, गळ्यातली मापाची पट्टी काढत. "फोन नाही, काही नाही! सगळं ठीक ना? दादा बरा आहे ना?"

"सगळे ठीक."

मुलीने वळून पाहिलं. पण हातातली शिवण अर्धवट होती, ती तिने टोकापर्यंत नेली, दोरा तोडला. "आलीस?" ती म्हणाली. "इकडे काम होतं?"

"नाही."

नणंद चहा टाकते म्हणाली आणि आत न जाता तिथेच घोटाळत राहिली. एक गिऱ्हाईक बाई कापड हातात घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. मुलीने दुसरा तुकडा पायाखाली घेतला, म्हणजे मशिनच्या पायाखाली, आणि सुईशी जुळवत म्हणाली, "तारा सापडला म्हणे. बाबा सांगत होता. अभिनंदन."

"हो."

"कॉट कुठेय?"

"कुठली?"

"नानांची. वॉचमनकडे आहे अजून?"

"असेल. का?"

"काही नाही. मला विचारलं असतंस तर मी ठेवून घेतली असती. मी झोपले असते तिच्यावर."

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "चुकलंच ते."

"हेच," मुलगी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, वयाला न शोभेल इतका. "हे असंच बोलतेस तू. बसचा नंबर चुकल्यासारखं. तुझ्याशी धड भांडताही येत नाही गं, आई. जाऊ दे. बस ना, चहा घे." आणि तिने पाठ फिरवली आणि मशिन सुरू केलं.

ती बसायला वळली होती. हातातली पर्स ठेवायला जागा बघत होती. मशिनचा आवाज चालू होता, एकसुरी, भराभर पुढे जाणारा, आणि ती उघडी मान त्याच्यावर वाकलेली होती. "मशिन बंद कर," ती म्हणाली. मुलीला ऐकू गेलं नाही.

"बंद कर ते मशिन!"

तो आवाज कुणाचा हे तिला क्षणभर कळलं नाही. गिऱ्हाईक बाईंच्या हातातलं कापड खाली पडलं. मशिन थांबलं होतं.

"मी त्या कॉटपाशी जात होते!" ती ओरडत होती. "ते गेल्यावर! रोज! पाण्याचा ग्लास भरून घेऊन जायचे आणि तिथे जाऊन उभी राहायचे, मूर्खासारखी! कुणी नसायचं! मग तो ग्लास परत नेऊन ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा! म्हणून दिली! कुणाला विचारू मी? काय म्हणून विचारू? आणि तू! तू गेलीस! बॅगेची चेन लागत नव्हती तर मला हाक मारलीस, आई, जरा दाब, म्हणालीस! आणि मी दाबली! गुडघा ठेवून दाबली! मला म्हणायचं होतं जाऊ नकोस, आणि मी चेन लावून दिली तुला! इतकी वर्षं राहिलीस माझ्या घरात, तुला कळायला नको? मला वेळ लागतो! सगळ्यांना लागतो त्याहून जास्त लागतो! थांबायचं होतंस तू! आजोबांसाठी रडलीस, मग माझ्यासाठी थोडं थांबायचं होतंस!"

तिचा श्वास संपला. पर्स कधी पडली तिला समजलं नव्हतं. मुलगी उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती आईकडे अशी टक लावून बघत होती, की आता पापणी लवली तर काहीतरी निसटेल. मग न वळताच तिने पायाने शेजारचं स्टूल ओढलं, त्याच्यावरची कपड्यांची चळत एका हाताने जमिनीवर लोटून दिली आणि ते स्टूल आईच्या अगदी जवळ आणून ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "आणि?"

"आणि काय!" ती अजून ओरडतच होती. "आणि केस कापलेस! ते तरी सांगायचंस!"

बाहेर रस्त्यावर दोनचार माणसं काचेतून आत बघत थांबली होती. नणंद लगबगीने दार लावायला गेली. "सगळं बाहेर ऐकू जातंय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"राहू दे, आत्या," मुलगी म्हणाली. "जाऊ दे ऐकू."